उसनवार

टाफुनाच्या विमानतळावर आधी माणसाचं वजन करतात,
मग सामानाचं.
काट्यावर उभी राहिले: ब्याऐंशी.
चटईसकट शहाऐंशी.
बारीक विणीची चटई, आईनेच विणलेली,
माझ्या लग्नात मिरवायला दिलेली.
आता तिच्यावरच पांघरायला परत नेत होते.
काउंटरवरच्या मुलाने आकडा लिहिला.
अंगाला माशांचा वास येत असणार; बोलला नाही.

पहाटे पाचला इओसेफोचा फोन.
आई गेली, म्हणाला.
कधी, मी विचारलं. माणूस असंच काहीतरी विचारतो.
आत्ता. मंगळवारी.
माझ्याकडे सोमवार होता.

विमान दुपारचं,
म्हणून अकरापर्यंत ट्यूना साफ केला.
घरी बसून काय करणार होते?
मुकादम केलेमेतेने अर्ज वाचला, पुन्हा वाचला:
तारीख चुकली बाई, ही उद्याची आहे.
म्हटलं, हो. उद्याच गेली ती.

दीडशेच्या आतबाहेर किलोमीटर.
पस्तीस मिनिटं, वारा बरा असेल तर.
पंख्याचं विमान, पुढे पायलटची घामेजलेली मान दिसते.
शेजारच्या पोराच्या मांडीवर केकचा खोका.
त्याच्या आजोबांचा वाढदिवस आज होता,
उतरेपर्यंत होऊन गेला.
खाली कुठेतरी ती रेघ.
मी दर वेळी शोधते. पाणी अलीकडेही तेच, पलीकडेही तेच.
घड्याळाचे काटे हलवावे लागत नाहीत.
फक्त वार हलतो.

रेघ पूर्वी आपियाच्या पलीकडून जायची.
मग त्या वर्षी तिकडच्या सरकारने ती सरकवली,
डिसेंबरातला एक शुक्रवार गाळला,
लोक गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले.
आईला ते कधीच पटलं नाही.
माझा शुक्रवार उसना नेलाय, म्हणायची,
परत आणून द्या.
पाळक समजूत घालायचे: देवाच्या हिशेबात सगळं जमा असतं.
देवाने कुठे नेलाय, ती म्हणायची,
मंत्र्यांनी नेलाय.
वाण्याकडे उधारी थकली की तेच कारण.
वाणीही हसून पुढच्या पानावर लिहायचा.

तिला अंगणातच ठेवली,
ब्रेडफ्रूटच्या झाडाजवळ, स्वयंपाकघरातून दिसेल अशी.
शुक्रवारी, सकाळी दहाला.
इओसेफोने पहिली माती टाकली, मी दुसरी.
माझ्या नखात अजून खवला होता एक.

संध्याकाळी परत काट्यावर.
चटई नाही, आणि तरी चौऱ्याऐंशी.
चार दिवस आत्या समोर ताट ठेवून बसायच्या,
संपल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत.
दुःखाचं वजन वेगळं लावत नाहीत इथे.

टाफुनाला उतरले तेव्हा गुरुवार.
न्यायला आलेल्या पेनिनाने हात धरला:
झालं का सगळं नीट?
तोंडून गेलं, उद्या आहे.
सकाळी दहाला.

आणि उजाडला.
शुक्रवार, न वापरलेला, घडी न मोडलेला.
मला कळलं कुणाचा आहे.
कामावर गेले नाही.
बंदराच्या पायरीवर बसून
पपई खाल्ली चमच्याने, तिच्यासारखी,
बिया पाण्यात थुंकत.
दहा वाजले.
अंगणात तेव्हा शनिवार होता, मातीला भेगा पडायला लागल्या असतील,
आणि इथे अजून कुणी फावडं उचललं नव्हतं.
अकरापर्यंत मी हललेच नाही.
नंतर एक झोप काढली, भर दुपारी, दार उघडं टाकून,
जी तिने जन्मात कधी काढली नसेल.

सोमवारी अर्ज पुरा करून दिला:
मंगळवार, बुधवार, गुरुवार,
शुक्रवार, शुक्रवार.
केलेमेतेने पेन काढलं
आणि एक शुक्रवार खोडला.
कोणता, ते मी विचारलं नाही.